हौसाचं विरजण

एका वाडीत दोनच घरी म्हशी होत्या, आणि त्या दोन घरच्या बायका एकमेकींशी बोलत नव्हत्या. धाकटी हौसा, थोरली सरूबाई. दोघी सख्ख्या जावा. मधली भिंत एकच, पण बोलणं बंद.

कारण जुनं होतं. हौसाच्या मुलाच्या बारशाला सरूबाई सगळ्या बायकांसमोर म्हणाली होती, "हौसाचं दही म्हणजे पाण्याला दूध दाखवलेलं." बायका हसल्या. हौसाला उत्तर सुचलं ते पाहुणे गेल्यावर, भांडी घासताना. चांगली उत्तरं तेव्हाच सुचतात. मग रोज संध्याकाळी दूध विरजताना ती ते बोलणं आठवायची आणि आपलं उत्तर मनातल्या मनात घासूनपुसून ठेवायची. मुलगा रांगला, चालला, शाळेत जायला लागला. उत्तर होतं तिथेच होतं, फक्त दरवर्षी थोडं लांबत होतं.

एका उन्हाळ्यात हौसाचं दही बिघडलं. कडवट लागे आणि चमचा उचलला की तार सुटे.

"हे दही आहे का डिंक?" तिचा नवरा भिवा म्हणाला. "पोराचा पतंग चिकटवू का याने?"

हौसाने नवी गाडगी आणली. म्हशीची वैरण बदलली. दही ठेवायची जागा बदलली. शेवटी मीठमोहऱ्या घेऊन गाडग्यांची दृष्टसुद्धा काढली. पण विरजण मात्र रोजचं तेच, कालच्या बिघडलेल्या दह्यातलं चमचाभर.

"अगं, विरजण बदल की," भिवा म्हणाला.

"कुणाकडून आणू? तिच्याकडून?"

"मग काय झालं?"

"काय झालं ते तुम्हाला नाही कळायचं. बारशाला तुम्ही बाहेर पत्ते कुटत होता."

गिऱ्हाइकं एकेक करून तुटत गेली. तशात देवीची जत्रा आली. जत्रेला सगळ्या गावाला दहीभाताचा प्रसाद असे, आणि त्याचं दही हौसाकडून जाई. तो मान ती सून होऊन आल्यापासूनचा. आदल्या दिवशी गुरव दारात येऊन म्हणाला, "हौसाबाई, रागावू नका. पण उद्या तार सुटली, तर पुढच्या वर्षी आम्हाला दुसरं घर बघावं लागेल."

दूध तापून झालं होतं, निवत आलं होतं. आणि एकदा का घरात सांजेचा दिवा लागला, की वाडीत कुणी कुणाला विरजण देत नाही.

हौसा वाटी घेऊन निघाली. अर्थातच आधी विकतच्या दुधाचं दही लावणाऱ्या इतर घरी गेली. एकीने दह्याचं ताक करून टाकलं होतं, दुसरीने कढी. ऊन उतरलं. उरलं एकच दार.

सरूबाई ओसरीवर बसून दिव्यात वात घालत होती. वर न बघता म्हणाली, "वाट चुकलीस?"

"विरजण हवं होतं, जाऊबाई."

"माझं? चालेल का तुला?"

हौसाच्या कपाळाची शीर उडाली. सरूबाईने ती बघितली.

"बारशाचंच ना? बोल की मग. कधीची वाट बघतेय मी, ही तोंड कधी उघडते म्हणून."

इतकी वर्षं घासलेलं उत्तर आपसूक जिभेवर आलं. हौसाने तोंड उघडलं, आणि तिची नजर सरूबाईने उचललेल्या काडेपेटीवर गेली. उत्तर लांबलचक होतं. ते पुरं होईपर्यंत दिवा लागला असता आणि दूध गेलं असतं. दूध वाचवायचं, तर उत्तर इथेच सोडून जावं लागणार होतं. आज गिळलं की ते पुन्हा बोलायला तोंड उरणार नव्हतं, हेही तिला कळत होतं.

तिने वाटी पुढे केली.

"ते राहू द्या, जाऊबाई. माझं दूध निवतंय."

सरूबाई काडेपेटी खाली ठेवून आत गेली आणि वाटी काठोकाठ भरून घेऊन आली.

"एवढं कशाला?" हौसा म्हणाली.

"जत्रेचं दूध ते. चमच्याने काय होतंय? पळ आता, दिवा खोळंबलाय माझा."

हौसा पळाली. बिघडलेलं दही तिने उकिरड्यावर ओतलं, गाडगी कढत पाण्याने धुतली आणि दूध विरजलं. विरजताना सवयीने काहीतरी आठवायला गेली, पण हात भराभर चालवायचे होते, ते राहूनच गेलं. त्या रात्री ती अशी झोपली, की सकाळी म्हशीला रेकून रेकून तिला उठवावं लागलं.

दही असं लागलं होतं, की गाडगं आडवं केलं तरी हललं नाही. गुरवाने बोट लावून चाखलं. मग खात्री करायला पुन्हा चाखलं. तिसऱ्यांदा बोट पुढे आलं तेव्हा हौसाने गाडगंच मागे घेतलं.

"प्रसादाला ठेवा की थोडं!"

"पुढच्या वर्षी एक गाडगं जास्त लावा, हौसाबाई," गुरव बोट चाटत म्हणाला.

तात्पर्य: कालच्या बिघडलेल्या दह्याने आजचं ताजं दूधही बिघडतं. जुना अपमान अगदी विसरता आला नाही तरी चालेल, पण तो रोज नव्याने विरजत बसू नये. तेवढं थांबवलं तरी पुढचं काम नीट लागतं.