बत्तिसाव्या राज्यातल्या गाळण्या

एका राज्यात नदीचे पाणी गोड झाले होते. पूर्वी ते निवळशंख वाहत असे. पुढे साखरेची कोठारे ओसंडली, भिंतींना पोटे सुटली आणि सगळा गोडवा नदीत उतरला.

डोंगराच्या कण्याला दोन अंगांनी टेकून दोन बहिणी बसत. थोरली निवळी, धाकटी तलम. दोघीही गाळण्या. नदी त्यांच्यातून वाहे. त्या गाळ खालच्या ओढ्यात सोडत आणि पाण्यातले मोती राज्यासाठी राखत.

त्या दाट पाण्याने दोघींची वीण उसवत गेली आणि मोती ओढ्यात निसटू लागले. जाणारा एकेक मोती निवळीला कळे, पण तिला तो अडवता येत नसे. पूर्वीसारखी हलकी नदी एकदा तरी अंगावरून जावी, एवढेच तिच्या मनात असे.

एके दिवशी एक दूत मोहोरबंद घडा घेऊन आला.

"अशी आजारी राज्ये चारशे आहेत," तो म्हणाला. "तुमचे बत्तिसावे. निम्म्यांना नवे औषध, निम्म्यांना नुसते पाणी. नेहमीचे उपचार सगळीकडे चालूच राहतील. या घड्यात काय आहे ते मलाही ठाऊक नाही. तुमच्या राज्याने होकार दिला आहे."

"कळणार कधी?" निवळीने विचारले.

"तीन वर्षांनी."

रोज घड्याच्या बारीक छिद्रातून एक थेंब नदीत पडे. दर ऋतूत दूत येऊन ओढ्यातले मोती मोजून नेई. कधी पाणी हलके वाटे आणि निवळी मोहरून जाई. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा जड.

"ताई, आज हलकं वाटलं का गं?" पलीकडून तलम विचारी.

"वाटलं थोडं," निवळी म्हणे. वाटलेले नसे तेव्हाही म्हणे.

तिसऱ्या वर्षी तलमचा आवाज पार क्षीण झाला. तेव्हा मोहोर फुटली.

"तुमच्या घड्यात पाणी होते," दूत खाली बघत म्हणाला.

निवळीने विचारले, "आणि ज्यांना औषध मिळालं?"

"त्यांचे मोती कमी गळले. थांबले नाहीत, कमी झाले. तुमच्याशी ताडून पाहिले म्हणून ते कळले."

"तिथल्या गाळण्यांना आम्ही ठाऊक आहोत?"

"नाही."

"आम्हाला आता मिळेल का ते?" तलमने विचारले.

"उद्यापासून. उसवलेली वीण जुळायची नाही. उरलेली टिकावी, एवढ्यासाठी."

दुसऱ्या दिवशी सकाळी राज्याच्या वर, खूप उंचावर, एका बाईने तळहातावरची पांढरी गोळी तोंडात टाकली आणि पाण्याचा घोट घेतला. मग दोन्ही हात मागे नेऊन तिने कमरेच्या वर, पाठीच्या कण्याच्या दोन बाजूंना, तळवे टेकवले आणि ती तशीच उभी राहिली.