तुळसाक्काचा तिसरा ठिपका

खोऱ्यात मोटार यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. नदीच्या अलीकडे आंबेघोळ, पलीकडे खारशी आणि दोन्हीकडे घटसर्प. पोराचा घसा धरायचा की दोन दिवसांत पाळणा रिकामा. तेव्हा आंबेघोळची सुईण तुळसाक्का तालुक्याला जाऊन टोचायला शिकून आली, खांद्यावर लशीची बर्फपेटी घेऊन.

पोरं किती, असं विचारलं की बाया दृष्टीच्या भयाने एक कमीच सांगत. तुळसाक्का विचारायचीच नाही. दोरीवर वाळणारी दुपटी बघायची आणि दारालगतच्या भिंतीवर दर पोरामागे गेरूचं एक वर्तुळ काढायची. एका टोचणीला एक ठिपका. तीन भरले की पोर सुटलं. तिच्यापासून पोर लपवणं देवालाही जमलं नसतं, असं म्हणतात.

पण एकदा ती चुकली. एका घरची सून बाळंतपणाला माहेरी खारशीला गेलेली. सासू म्हणाली, "तिकडंच टोचलं आसंल की." खारशीकर म्हणत होते, "पोर आंबेघोळचं, त्यांचं ते बघतील." तुळसाक्काने सासूच्या शब्दावर ठिपके देऊन टाकले. पोर गेलं. भिंतीवर तीन ठिपके तसेच. त्या भिंतीपुढे ती तीन दिवस अन्नपाण्यावाचून बसली, असं म्हणतात. बसेल नाही तर काय! चूक जिव्हारी लागली होती.

पुढच्या पावसाळ्यात आंबेघोळात एकच वर्तुळ रिकामं उरलं, हौसाबाईच्या दारचं. तिची तान्ही नात आजोळी, खारशीला. त्यात खारशीत घटसर्प शिरल्याची बातमी आली, आणि नदी दुथडी भरलेली.

हौसाबाई म्हणाली, "आक्का, टोचली आसंल तिला. पाणी तरी उतरू दे."

"आसंल म्हणून एक पोर घालवलंय मी," तुळसाक्का म्हणाली. "आता डोळ्यानं बघीन तवाच ठिपका."

तिने पदर खोचला, पेटी डोक्यावर घेतली आणि पाण्यात उतरली. काठावरची माणसं ओरडत राहिली. नदी मागे सरली आणि तिचे घोटेसुद्धा धड भिजले नाहीत, असं म्हणतात. मला विचाराल तर आक्काच्या तोंडाला भिऊन सरली असेल. तिच्यापुढे भलेभले सरत.

नात टोचल्यावाचूनच होती, आणि शेजारचं पोर तापाने फणफणलेलं. आक्काने नातीला टोचलं, मग घरोघरचं पोर शोधून टोचलं. सबंध खारशी झाली तरी पेटीतली लस संपेना, असं म्हणतात. पुढे आणखी दोनदा ती नदी उतरून गेली, तेव्हा कुठे हौसाबाईच्या भिंतीवर तिसरा ठिपका पडला. ती नात पुढे पणजी झाली, आणि घटसर्पाने खोऱ्यातलं एकही पोर पुन्हा नेलं नाही.

आजही बाळंतीण माहेराहून निघाली की दोन्ही गावच्या बाया नदीकाठी जमतात. माहेरची बाई टोचल्याचा कागद पुढे धरते, सासरची तो वाचते, तुळसाक्काचं नाव घेते आणि मगच बाळ कडेवर घेते. "टोचलं आसंल" म्हणणाऱ्याच्या हाती आमच्या खोऱ्यात अजून कुणी तान्हं पोर देत नाही.