भावाचं टाकं

धामणसरीच्या डोंगरावर लेणी बघायला आलेली माणसं आधी चैत्यात शिरतात, मग विहाराच्या खोल्यांतून हिंडतात आणि उतरायच्या वाटेला लागली की त्यांना कातळात खोदलेलं हे पाण्याचं टाकं दिसतं. डोंगरावरची बाकीची टाकी वैशाखातही भरलेली असतात. हे एकच कोरडं. पाऊस धो धो कोसळला तरी दुसऱ्या सकाळी तळाशी ओल तेवढी उरते. याच्या भिंती नीट बघा. बाकीच्या टाक्यांच्या भिंती पाथरवटांनी ओळंबा लावून सरळ उतरवलेल्या. इथं मात्र कुठं घाव खोल गेलाय, कुठं नुसता ओरखडा. हे काम पाथरवटाचं नव्हेच. ज्यानं हे खोदलं त्याचं नाव विरणक, आणि भिक्खू होण्याआधी तो या घाटातला सगळ्यात भयंकर दरोडेखोर होता, असं सांगतात.

त्या काळी बंदरातला माल बैलांच्या पाठीवरून याच घाटानं देशावर चढायचा. तांडे यायचे, त्यांच्याबरोबर राखणदार यायचे, आणि तरीही विरणकाच्या टोळीपुढं कुणाचं काही चालायचं नाही. तो शस्त्र फारसं वापरत नसे म्हणे. उजव्या हाताचा पंजा ताठ करून कानाखाली, मानेवर एकच घाव घालायचा. माणूस आवाज न करता खाली बसायचा, तो पुन्हा उठायचा नाही. धाकटा भाऊ हालक त्याच्या मागं मागं फिरत मोठा झाला. काठी कशी फिरवायची, अंधाऱ्या झाडीतून पाचोळा न वाजवता कसं चालायचं, सगळं त्याला विरणकानंच शिकवलं. खाली गावात त्यांची आई राहायची. सामाई तिचं नाव. पोरांनी आणलेल्या धान्याला ती हात लावत नसे. लोकांची भातं कांडून पोट भरायची.

एकदा असाच एक तांडा टोळीनं अडवला. राखणदार पळाले. बैलांपुढं एक तरुण भिक्खू तेवढा उभा राहिला, दोन्ही हात पसरून. पुस्स त्याचं नाव. तांड्याच्या सोबतीनं तो डोंगरावर आपल्या विहारात परत निघाला होता. विरणकानं त्याला बाजूला हो म्हणून सांगितलं. तो झाला नाही. विरणकानं घाव घातला.

पुस्स खाली बसला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीतीही नव्हती. नुसतं नवल होतं, असं काही होईल हे त्याच्या मनातच आलं नव्हतं असं. आजवर विरणकानं मेलेल्या माणसाकडं वळून बघितलं नव्हतं. त्या दिवशी त्यानं बघितलं आणि त्याचं सगळं बिनसलं. माणसं मालाला हात घालत होती, हालक हाका मारत होता. विरणकानं ते प्रेत खांद्यावर घेतलं आणि डोंगर चढून विहारापुढं आणून ठेवलं.

विहाराचे थेर, म्हणजे सगळ्यांत वडील भिक्खू, इसिरक्षित म्हातारे होते. पुस्सला त्यांनी लहानाचं मोठं केलं होतं. त्यांनी प्रेताचं तोंड धुतलं, अंगावरचं चीवर सारखं केलं आणि मग मान वर करून विचारलं, "कुणी मारलं?"

"मी."

"मग आता काय हवंय?"

"मला इथं राहू द्या."

थेरांनी पुस्सचे डोळे मिटले. मग म्हणाले, "तुला क्षमा करणं मला जमणार नाही. पण राहायला नाही म्हणत नाही."

विरणक राहिला. आधी नुसता झाडलोट करायचा, पाणी भरायचा. पुढं त्याचं मुंडण झालं, चीवर मिळालं. हा हात पुन्हा कुणावर उगारणार नाही, असा शब्द त्यानं त्या दिवशी थेरांना दिला. दरवर्षी पावसाळ्याच्या अखेरीस भिक्खू एकमेकांपाशी आपापल्या चुका बोलून दाखवतात. त्या दिवशी विरणक थेरांपुढं वाकायचा आणि विचारायचा, "भंते, मला क्षमा झाली का?" थेर डोळे मिटून घ्यायचे.

इकडं टोळीचा म्होरक्या हालक झाला होता. भिक्षेला घाटवाटेनं जाणाऱ्या भिक्खूंना मार बसू लागला, तेव्हा ते विरणकाकडं आले. त्यानं आधी नकार दिला, मग शिकवायला तयार झाला, पण फक्त अर्धी विद्या. घाव कसा चुकवायचा, हातातल्या काठीवर कसा झेलायचा, अंगावर आलेल्या माणसाचा तोल त्याच्याच जोरानं कसा घालवायचा आणि त्याला इजा न करता जमिनीवर कसा दाबून धरायचा. मारायचं कसं ते त्यानं कुणालाही शिकवलं नाही. सकाळी समोरच्या या सपाटीवर पंधरा-वीस भिक्खू काठ्या घेऊन उभे राहायचे आणि सगळी विद्या माघार घेण्याची असायची. खालून बघणाऱ्यांना तो नाच वाटायचा.

मग दुष्काळ पडला. लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले. विहाराच्या कोठारात व्यापाऱ्यांनी दान दिलेलं धान्य होतं. थेर ते रोज मोजकं शिजवून धामणसरीच्या लोकांना वाढत होते. विहिरी आटल्या, तशा बायका पाण्यालाही वर यायला लागल्या. टोळीचेही हाल होते. तांडेच येत नव्हते, लुटणार कुणाला? हालकानं कोठारावर चाल केली.

वर यायला तेव्हा कातळातल्या पायऱ्यांची एकच वाट होती, एका वेळी एक माणूस मावेल एवढी. विरणक सगळ्यांत पुढं उभा राहिला. त्या दिवशी तो जसा लढला तसं या डोंगरानं पुन्हा बघितलं नाही. पहिला भाला आला तो त्यानं काठीवरून निसटता जाऊ दिला आणि भाल्यामागून आलेल्या माणसाला मनगट धरून पायरीवर बसवला. कुऱ्हाड आली, तिच्या दांड्याखालून तो आत शिरला, आणि कुऱ्हाडवाला मागच्या दोघांना घेऊन खाली घसरला. दगड लागून त्याचा कान फाटला, खांदा उघडा पडला, उजवा पंजा आपोआप ताठ व्हायला लागला. दर वेळी त्यानं तो मिटला. मागं भिक्खू दगडांनी पडत होते, उठत होते. टोळीतलं कुणीही मेलं नाही. दिवस कलला तशी टोळी थकली. हालकानं मान वर करून भावाकडं बघितलं आणि माणसं मागं वळवली.

विरणकाला वाटलं, संपलं. आपला शब्द टिकला. कितीतरी वर्षांनी त्याला मोकळा श्वास घेता आला.

पायथ्याशी काय झालं ते त्याला ठाऊक नव्हतं. दोन्ही पोरं समोरासमोर उभी आहेत हे कानावर येताच सामाई धावत निघाली होती. उतरणारी टोळी तिला वाटेतच भेटली. तिनं हालकाचा हात धरला. "त्यानं तुमच्यातल्या एकाला तरी मारलं का रे?" तिनं विचारलं. हालक म्हणाला, "नाही. मनात आणलं असतं तर आम्ही सगळे मेलो असतो." तेव्हा ती म्हणाली, "मग अजून कशाची वाट बघतोयस? जा वर. थेरांच्या पायाशी तलवार ठेव आणि भावाजवळ राहा. माझी चूल तरी एकदा सुखानं पेटू दे." हालक तिथंच बसला आणि रडला. मग उठून एकटाच वर निघाला. मागून आई हळूहळू चढू लागली.

पायऱ्यांवरच्या भिक्खूंना त्यानं सांगितलं, मला थेरांना भेटायचंय. त्याचा रडवेला चेहरा बघून त्यांनी वाट दिली. विरणक तेव्हा जखमींसाठी पाणी आणायला मागच्या टाक्यावर गेला होता. थेर इथंच, आता टाकं आहे त्या जागी, एका भिक्खूच्या डोक्याला फडकं बांधत बसले होते. हालक त्यांच्यापुढं येऊन उभा राहिला. हत्यार कायमचं खाली ठेवायचं तर आधी ते कपाळाला लावायची त्या लोकांची रीत होती. त्यानं तलवार दोन्ही हातांनी वर उचलली.

कातळाच्या कोपऱ्यावरून विरणक आला तो नेमका त्याच क्षणी. त्याला भावाची पाठ दिसली, वर गेलेली तलवार दिसली आणि तिच्याखाली म्हाताऱ्या थेरांचं वाकलेलं डोकं दिसलं. घागर हातातून पडली. ती फुटल्याचा आवाज व्हायच्या आत त्याचा हात उठला होता.

हालक आवाज न करता खाली बसला. तलवार थेरांच्या पुढ्यात पडली. तिची मूठ थेरांच्या बाजूला होती आणि पातं हालकाकडं.

"विरणका," थेर म्हणाले, "तो ठेवायला आला होता रे."

विरणकानं भावाचं डोकं मांडीवर घेतलं. हालकाच्या चेहऱ्यावर तेच नवल होतं. विरणकानं त्याला हाका मारल्या, गाल चोळले, फुटलेल्या घागरीच्या खापरात उरलंसुरलं पाणी त्याच्या ओठांना लावलं. तोवर सामाई वर पोचली. ती कुणावर ओरडली नाही. धाकट्याच्या कपाळावरचे केस मागं सारून ती म्हणाली, "मीच पाठवला होता. तुझ्याकडं पाठवला होता मी त्याला."

चीवर घेतल्यावर ज्यानं माणूस मारला, त्याला संघात जागा नसते. संध्याकाळच्या आत थेरांनी विरणकाच्या अंगावरचं चीवर स्वतःच्या हातांनी काढून घेतलं. विरणकानं टोळीची तिथं पडलेली एक कुऱ्हाड उचलली आणि उजवा हात दगडावर ठेवला. थेरांनी कुऱ्हाडीचा दांडा धरला.

"हात तोडलास की तू सुटशील," ते म्हणाले. "मग पुस्सचं काय आणि याचं काय? राहू दे तो अंगाला."

दुसऱ्या दिवसापासून विरणकानं इथं खोदायला सुरुवात केली. गावाला पाणी हवं होतं आणि त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. तो विहाराच्या बाहेर, वडाखाली राहायचा. भिक्खू त्याच्यापुढं अन्न ठेवून जायचे. छिन्नी कशी धरतात हेही त्याला ठाऊक नव्हतं. पुढं पाऊस आला, दुष्काळ सरला, तरी तो खोदत राहिला. टाकं पुरुषभर खोल झालं त्या वर्षी ते काठोकाठ भरलं. गाव बघायला आलं. दुसऱ्या सकाळी टाकं कोरडं होतं. तळाच्या कातळात एक भेग होती, केसाएवढी. त्यानं तीत चुना भरला, राळ ओतली, शिसं ठोकलं. पाणी दुसरीकडून गेलं. त्याला वाटलं, आणखी खाली अखंड कातळ लागेल. तो आणखी खाली गेला. भेगही त्याच्याबरोबर खाली गेली.

थेर इसिरक्षित अखेरच्या दुखण्यात पडले तेव्हा त्यांनी त्याला बोलावून घेतलं. विरणकानं तोच प्रश्न विचारला. या खेपेला थेरांनी डोळे मिटले नाहीत.

"नाही झाली," ते म्हणाले. "रोज सकाळी उठल्यावर आधी तेच करून बघायचो. पुस्सचा चेहरा समोर यायचा, आणि नाही जमायचं. तुला हाकलून दिलं नाही, एवढंच जमलं. मी काही फार मोठा भिक्खू झालो नाही, विरणका."

विरणकानं त्यांचे पाय दाबले. त्यानंतर त्यानं तो प्रश्न कुणालाच विचारला नाही.

हालक गेला त्या दिवसापासून सामाई वर आली नव्हती. थोरल्याचं नावही तिनं तोंडातून काढलं नव्हतं. पण एका उन्हाळ्यात, पार थकली असताना, ती डोक्यावर भरलेली घागर घेऊन डोंगर चढून आली. विरणक टाक्यात उतरलेला होता. अंगावर सावली पडली म्हणून त्यानं वर बघितलं. तोही म्हातारा झाला होता.

"आई," तो म्हणाला, "यात पाणी राहत नाही."

"ठाऊक आहे," ती म्हणाली.

तिनं घागर कडेला टेकवून सावकाश टाक्यात रिती केली. पाणी भिंतीवरून ओघळत त्याच्या पायाशी आलं. ती काठावर बसली. तो खाली उभा राहिला. पाणी मुरेपर्यंत दोघंही जागची हलली नाहीत. मग तिनं रिकामी घागर उचलली आणि ती उतरून गेली. दुसऱ्या दिवशी ती परत आली. तिला चढवत होतं तोवर ती येत राहिली. त्याच्या हातचं पाणी ती कधी प्यायली नाही, त्याला बाळा म्हणून तिनं कधी हाक मारली नाही. पण येत राहिली.

ती गेली, मग तोही गेला. एका सकाळी भिक्खूंना तो टाक्याच्या तळाशी सापडला. उजवी मूठ छिन्नीभोवती अशी वळली होती की सोडवता येईना. तसाच छिन्नीसकट त्याला अग्नी दिला, असं सांगतात. अखंड कातळ त्याला अखेरपर्यंत लागला नाही.

विहार ओस पडला त्यालाही आता शेकडो वर्षं झाली. वैशाखी पुनवेच्या सकाळी धामणसरीच्या घराघरातून आजही एकेक घागर डोंगरावर येते. ज्या घरात भावाभावांचं बोलणं बंद असेल तिथले दोघं भाऊ एकच घागर आळीपाळीनं खांद्यावर घेऊन चढतात. त्यांचं जमतंच असं नाही. कित्येक जण इथवर येतात, पाणी ओततात आणि वेगवेगळ्या वाटांनी घरी जातात. पण पाणी मुरेपर्यंत सगळे काठावर बसून राहतात, आणि तेवढा वेळ कुणी उठून जात नाही.