पल्याडच्या डोंगरावरची हाळी

लई लई वर्सांमागं, तुझ्या आज्याच्या आज्याला दुधाचे दातबी फुटले नव्हते, तवाची ही गोष्ट. हसतोस काय? त्येलाबी कवातरी दात नव्हतेच की.

एका डोंगरावर मेंढक्यांचं गाव होतं. लांबच्या माणसाशी ते हाळीनं बोलायचे. दोन आखूड हाका आन् एक लांब, म्हंजे "घरी या". एक लांब आन् दोन आखूड, म्हंजे "लांडगा आला, पळा". पोरं चालायच्या आधी हाळी शिकायची.

ठकी नावाच्या एका पोरीला मात्र ती येईना. तिच्या कानाला दोन्ही सारख्याच. जेवायला बोलावलं की ही झाडावर चढायची. पोरं मुद्दाम हाळी घालायची आन् पोट धरून हसायची. मी असतो तर मीबी घातली असती, खोटं कशाला बोलू!

एक दिवस ठकी मेंढरांमागं असताना खरा लांडगा आला. गावानं लांडग्याची हाळी घातली. ठकीला वाटलं, जेवायला बोलवत्यात. ती निवांत चालत राहिली. दोन कोकरं गेली.

"डोस्क्यात दगड हायेत हिच्या," बाप म्हणाला. "कळपामागं धाडायची न्हाई हिला."

आई म्हणाली, "मग तुमच्या चुलत्याला भाकरी तरी नेऊन देईल. त्यो एकटा, आन् आता हीबी एकटीच."

हा चुलता पल्याडच्या डोंगरावर राहायचा. चाळीस वर्सांत त्येनं गावाच्या हाळीला कधी उत्तर दिलं नव्हतं. गाव म्हणायचं, लई गर्विष्ठ म्हातारा.

ठकी भाकरी घेऊन गेली तवा खाता खाता म्हाताऱ्यानं विचारलं, "कोकरं कशी गं गेली?"

"आजा, मला दोन्ही हाळ्या सारख्याच ऐकू येत्यात."

म्हाताऱ्यानं भाकरी बाजूला ठेवली.

"मलाबी," त्यो म्हणाला. "उत्तर चुकायचं, लोक हसायचे. मग मी गप बसलो."

त्येनं ठकीचा हात धरला. तळहातावर दोनदा टिचकी मारली, मग बोट लांब ओढलं. "ही घरी या. हाळी आली की तळहातावर अशीच वाजवून बघ; कानाला कळंना तर हाताला इचार. हे एकट्यानं शोधायला म्हातारपण आलं मला."

"मग आता का बोलत न्हाईस?"

"आता मला हाळी घालतंय कोण, बाई?"

ठकी रोज जायची. रोज चुकायची. म्हातारा पुन्हा हात धरायचा. बाजरी कापणीला आली तवा कुठं तिचा हात चुकायचा थांबला.

त्या सांजेला गावाच्या कड्यावर उभी राहून तिनं म्हाताऱ्याला हाळी घातली. दोन आखूड, एक लांब.

"त्यो म्हातारा काय उत्तर देतोय!" गाव हसलं.

मग पल्याडनं एक आवाज आला. गंजलेला, फाटका, पर हाळी तीच. दोन आखूड, एक लांब.

ठकीचा बाप म्हाताऱ्याच्या वाटेला सामोरा गेला. लहानपणी चुलत्याला खोट्या हाळ्या घालणाऱ्या पोरांत त्यो सगळ्यांत पुढं होता.

म्हातारा काठी टेकत घरी आला. गेलेली चाळीस वर्सं मात्र आली न्हाईत.

ध्यानात ठेवा: लेकराची अडचण वाडवडलांकडनं येती, पर त्येचं एकटेपण आपणच देतो.