जनरलसाहेबांची अट

"राजा गेला, आता नियम कशाला हवेत? मी आहे ना," जनरल थॉर्न म्हणाले, आणि खाणावळीत जमलेल्या पंचांच्या हातातले पेले हळूच खाली आले.

अमेरिकेतल्या हॅरोफील्ड गावाने नुकतीच समुद्रापलीकडच्या इंग्लंडच्या राजाची सत्ता झुगारली होती. राजा लोकांना न विचारता कर लावायचा, म्हणून लोक लढले. आता कारभार कोणत्या नियमांनी चालवायचा, हे ठरवायला पंच बसले होते. पण लढाई जिंकून देणाऱ्या जनरलना राजाची खुर्ची तशीच ठेवायची होती. खुर्चीतला माणूस तेवढा बदलायचा होता. खाणावळीचा मालक जोसाया त्यांना पाहून उठून उभा राहिला नाही, म्हणून त्यांनी त्याला कोठडीत टाकलं होतं. किती दिवस, तर राग जाईपर्यंत.

"बरं, करा नियम," जनरल उदार होऊन म्हणाले. "अट एकच. मला बांधणारा एक तरी नियम असा आणा, की तो मी स्वतः आनंदाने मागेन. उद्या दुपारपर्यंत वेळ देतो. जमलं नाही, तर या गावात माझा शब्द हाच कायदा."

ते गेल्यावर पंच विचाराला बसले. गिरणीवाल्याने पाववाल्यासाठी एक कडक नियम सुचवला. पाववाल्याने गिरणीवाल्यासाठी त्याहून कडक सुचवला. जनरलसाठी मात्र कोणीच काही सुचवेना.

जोसायाची मुलगी टॅबिथा रस्सा वाढत होती. तिने विचारलं, "मी बोलू का?"

"मुलींना सभेत बोलता येत नाही," गिरणीवाला म्हणाला. "सगळी माणसं समान आहेत, एवढंच आत्तापर्यंत ठरलंय."

"मग वाढता वाढता बोलते. जनरलसाहेबांचा राग काही लवकर जायचा नाही, आणि बाबा तोवर आतच राहतील. उद्या मी काहीही म्हटलं, तरी तुम्ही फक्त मान हलवा."

मान हलवणं पंचांना जमण्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी जनरल आले. टॅबिथा पुढे होऊन म्हणाली, "साहेब, पंचांना तुमचं म्हणणं पटलं. खुर्चीत बसेल त्याचा शब्द हाच कायदा. नियम एकही नको."

पंचांनी माना हलवल्या.

"शहाणी माणसं," जनरल म्हणाले.

"फक्त पहिलं वर्ष कर्नल विगिन्स बसतील. ते वयाने मोठे. मग तुम्ही."

पंचांनी आणखी जोरात माना हलवल्या. जनरलचा चेहरा लाल झाला. लढाईतली एक टेकडी आपणच जिंकली, असं ते आणि कर्नल विगिन्स दोघेही सांगत, आणि त्यावरून त्यांचं बोलणं बंद होतं.

"विगिन्स? तो उद्याच माझ्या कुरणावर कर लावेल!"

"लावू द्या की. त्यांचा शब्द कायदा."

"मुळीच नाही. लोकांना विचारल्याशिवाय कर लावायचा नाही आणि गावाचा पैसा खर्चायचाही नाही. लिहून घ्या."

पाववाल्याने लिहून घेतलं.

"आणि रागाच्या भरात त्यांनी तुम्हाला कोठडीत टाकलं तर?"

"चौकशीशिवाय? लिहा, चौकशीशिवाय कोणालाही कोंडायचं नाही."

"वर्ष संपलं आणि ते उठलेच नाहीत तर?"

"उठवा त्याला! दर वर्षी मतं घ्या, लोक म्हणतील तोच बसेल." जनरल आता खुशीत आले होते. विगिन्स चांगलाच आवळला जात होता.

टॅबिथाने विचारलं, "हे फक्त कर्नलसाहेबांसाठी, की खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकासाठी?"

"प्रत्येकासाठी! नाहीतर तो लबाड आपल्या जावयाला बसवेल आणि म्हणेल, नियम मला होते, जावयाला नव्हते."

"मग झालं. तुम्ही एक नियम मागितला होता, तीन झाले. तिन्ही तुम्हालाही बांधतात, आणि तिन्ही तुम्हीच मागितलेत."

जनरलनी पाववाल्याच्या हातातला कागद ओढून वाचला. मग म्हणाले, "पण आनंदाने मागितले नाहीत."

"विगिन्ससाहेबांना बांधताना तुमचा चेहरा सगळ्या गावाने पाहिलाय."

पंचांनी माना हलवल्या. या वेळी त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

जनरल इतके हसले की टोप घसरून कानावर आला. "पोरी, लढाईत तू समोरच्या बाजूला नव्हतीस, हे माझं नशीब. बापाची सुटका मागतेस?"

"मागायची कशाला? चौकशी झालेली नाही, म्हणजे ते सुटलेच."

जनरल स्वतः किल्ली घेऊन गेले आणि जोसायाला घेऊन आले. मग म्हणाले, "गावाच्या तिजोरीतून हिला चांदीचा पेला द्या."

"लोकांना विचारावं लागेल," पाववाला कागद पाहून म्हणाला.

विचारलं. संध्याकाळपर्यंत भाषणं झाली. मग विरोधात पहिला हात वर गेला, तो जोसायाचा. "मुलगी माझी असली तरी पैसा गावाचा आहे," तो म्हणाला. पेला नामंजूर झाला.

जनरल पुन्हा खो खो हसले आणि त्यांनी आपल्या गोठ्यातली दुभती गाय टॅबिथाला दिली. गाय त्यांची स्वतःची होती, त्यामुळे मतं घ्यावी लागली नाहीत.