पाचातल्या दोन तट्ट्या

फार फार वर्षांमागे डोंगराच्या पायथ्याला एक बुरडीण राहायची. तिला सोनकी नावाची लेक होती आणि म्हादू नावाचा धाकटा लेक. दारात बांबूचा ढीग आणि टेकाडावर नाचणीचं शेत, एवढंच काय ते त्यांचं.

नाचणी पिकायला आली आणि रानडुकरांनी कुंपण फोडलं. हे एवढं खिंडार! त्यात बुरडिणीचा हात कोयत्यानं कापलेला.

"पोरांनो, दिवस बुडायच्या आत तट्ट्या विणा रे. डुकरं शिरली तर वर्षभर खायचं काय?"

सोनकीनं मोठी तट्टी विणली. तसल्या दोन लावल्या की खिंडार बुजावं. म्हादूनं उंचीला तेवढीच, पण अरुंद विणली. तसल्या तीन लागाव्यात.

ऊन कलंडलं. रानातून घुरघुर येऊ लागली. म्हादू उठे, बघे, पुन्हा बसे.

"ताई, किती झालं गं?"

"माझी दोनातली एक, तुझी तिनातली एक. पाचातल्या दोन झाल्या."

"अजून तीन? बांबू तर एवढासाच उरलाय!" म्हादूनं भोकाड पसरलं. सोनकीनंही कोयता फेकला. "जाऊ दे ते शेत. अर्धंसुद्धा झालं नाही!"

आई म्हणाली, "अगं शहाणे, तू एकटीनंच अर्धं केलं होतंस. भावाचं त्यात पडल्यावर ते कमी कसं झालं?"

सोनकीनं फेकलेला कोयता उचलून आणला.

"लहानमोठ्याला एकाच मोजणीत कोंबलंस ना? आता त्याची तट्टी तुझ्या तट्टीवर ठेव. तुझी जेवढी बाहेर राहील, तेवढी कामटी तोड. तिनं मोज."

सोनकीनं बांबूची पट्टी तेवढीच तोडली. तिच्या तट्टीच्या रुंदीत ती तीनदा बसली, म्हादूच्या तट्टीत दोनदा.

"तीन न् दोन पाच," म्हादू नाक पुसत म्हणाला.

"आणि अख्खं खिंडार?"

"माझ्यासारख्या दोन तट्ट्यांचं," सोनकी म्हणाली, "म्हणजे सहा कामट्या."

"मग राहिलं किती?"

"एकच!" दोघं एकदम ओरडली.

तेवढ्याला उरलेला बांबू पुरला. दिवस बुडता बुडता तिन्ही तट्ट्या खिंडारात घट्ट बसल्या. डुकरांनी मुसंडी मारली, नाक चेचून घेतलं आणि आल्या वाटेनं परत गेली.

त्या साली नाचणी अशी पिकली, की बुरडिणीला घरच्यासाठी नवी कणगी विणावी लागली, आणि तीही काठोकाठ भरली.

म्हणून लेकरांनो, लहानमोठे वाटे आधी एका मापात आणावेत, मगच त्यांची बेरीज करावी.