एकाच ओळीवर अडवलेला गवई

गोदेकाठच्या एका कसब्यात फार वर्षांपूर्वी एक खानकाह होती, म्हणजे सूफी फकिरांचा मठ. दर गुरुवारी दुपारची नमाज झाली की तिथल्या अंगणात गाण्याची बैठक बसे. गायला मस्तान गवई. माणूस गरीब आणि सरळ, पण गळा असा की रस्त्यानं जाणारे गाडीवान बैल थांबवून ऐकत.

त्या खानकाहचा एक रिवाज होता. गाणं ऐकता ऐकता कुणी देवाच्या नावात बुडाला आणि त्याचं देहभान गेलं, तर त्याला हाल आला असं म्हणत. मग ऐकणाऱ्या सगळ्यांनी उठून उभं राहायचं, आणि ज्या ओळीवर हाल आला तीच ओळ गवयानं पुन्हा पुन्हा म्हणायची, तो माणूस भानावर येईपर्यंत. मध्येच गाणं थांबलं तर त्याचा जीव जातो, असं जुनी माणसं सांगत. थांबून पाहण्याची हिंमत कुणी केली नव्हती.

युनूसशेट अत्तरवाल्यांना हा रिवाज फार मानवला. त्यांना दर गुरुवारी हाल येई, अगदी न चुकता. हात वर करून, डोळे मिटून ते गोल गोल फिरत आणि सारी बैठक त्यांच्यासाठी ताटकळत उभी राही. देहभान गेलेल्या शेटजींचा पाय मात्र कधी चुकूनही गालिच्याबाहेर पडला नाही, आणि डोक्यावरची जरीची पगडी कधी ढळली नाही. मस्तानला हे दिसत होतं. पण एवढ्या मोठ्या माणसाच्या भक्तीवर बोट कसं ठेवायचं, म्हणून तो गप्प राही.

त्या गुरुवारी मस्तानची आई अंथरुणाला खिळलेली होती. "जाऊन ये, मला बरं आहे," असं तिनंच सांगितलं, म्हणून तो आला. बैठक रंगली. 'निघालो मी घराला, आता अडवू नका कुणी,' ही ओळ त्यानं घेतली आणि शेटजी ताडकन उठले. त्यांना हाल आला होता. सगळे उभे राहिले.

तेवढ्यात शेजारची बानूखाला धापा टाकत दारात आली. तिथूनच ओरडली, "मस्तान, चल लवकर! अम्मा चालली रे! सारखं तुझंच नाव घेतेय."

मस्तान गाता गाताच अर्धा उठला. पण भोवतीच्यांनी डोळे वटारले. एकानं खांदा दाबून त्याला खाली बसवलं. "थांबलास तर शेटजींचा खून तुझ्या माथी," तो कानात म्हणाला. मस्ताननं पीरसाहेबांकडे पाहिलं. खानकाहचे ते म्हातारे प्रमुख मान खाली घालून उभे होते. त्यांनी मान वर केली नाही.

आणि मस्तान गात राहिला. घराला निघाल्याची ओळ गात तो घरापासून दूर बसून राहिला. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. शेटजींनी फिरता फिरता डोळे किलकिले केले. बानूखालाचं बोलणं त्यांनीही ऐकलं होतं; ती काही हळू बोलली नव्हती. गवयाचे ओले गालही त्यांना दिसले. पण सारी बैठक अजून त्यांच्यासाठी उभी होती. शेटजींनी डोळे पुन्हा मिटले आणि ते दुप्पट जोरानं फिरायला लागले.

ते पाहिलं मात्र, मस्तानच्या अंगाची लाही लाही झाली. त्यानं ओळ मध्येच तोडली.

 कुणी 'या अल्ला' म्हणून तोंड झाकलं. शेटजींनी आणखी एक गिरकी घेतली आणि ते धडधाकट उभे राहिले. जीव जाणं राहिलं बाजूला, त्यांना साधा खोकलाही आला नाही.

"का थांबलास?" शेटजी गरजले. "मी अल्लाच्या अगदी दारात पोचलो होतो!"

रागानं मस्तानचा आवाज फाटला. "माझी अम्मा मरतेय हे ऐकून तुम्ही डोळे मिटलेत, शेटजी. असल्या माणसाला अल्ला दार उघडतो होय?"

एवढं बोलून तो घराकडे धावत सुटला.

अम्मा गेली होती. हात अजून गरम होते. "आत्ताच गेली," उशाशी बसलेली बाई म्हणाली. "पाणी नाही मागितलं, तुलाच मागत होती."

मागोमाग पीरसाहेब अनवाणी आले. दाराशी उभे राहून म्हणाले, "मस्तान, माफ कर मला."

मस्ताननं वळून पाहिलं. त्याचे डोळे आता कोरडे होते. "युनूसशेट ढोंगी, हे तुम्हाला ठाऊक होतं. मलाही होतं. थांब म्हणून तुम्ही नुसता हात वर केला असता तर मी सुटलो असतो. तुम्ही रिवाज सांभाळलात, मीही मूर्खासारखा तोच सांभाळला. माझ्या अम्माला कुणी सांभाळायचं होतं, पीरसाहेब?"

 पीरसाहेब उंबऱ्याबाहेर मातीतच बसले. आत या, असं मस्तान त्यांना म्हणाला नाही.

तात्पर्य: माणसाची हाक ऐकूनही जो डोळे मिटून देवाकडे निघतो, तो देवाकडे पाठ करूनच चालत असतो; आणि हे दिसत असून रिवाजाच्या धाकानं जे गप्प उभे राहतात, त्यांचाही त्या पापात वाटा असतो.